नकाशावर न उमटलेले ठिपके

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे आणि त्यावर दिवसभर बहरीनचा नकाशा असतो. आमच्या एखाद्या ग्राहक कंपनीचं नाव घेऊन कुणी सोशल मीडियावर काही लिहिलं, की चार-पाच सेकंदांत नकाशावर ठिपका उमटतो. कौतुक असेल तर हिरवा, तक्रार असेल तर लाल. हे ऑफिस बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत, एका कापडाच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली ताके उलगडून मीटरवर कापड मोजतात आणि वर आम्ही लोकांचा राग मोजतो, असं मी पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात, कारण त्यांना वाटतं मी गंमत करते आहे.

ठिपके येत राहतात की नाही हे पाहणं माझं काम. व्हिजिटिंग कार्डावर डेटा इंजिनिअर असं लिहिलं आहे. खरं तर सोसायटीत पाणी सोडणाऱ्या माणसाचं जे काम, तेच माझं. पाणी येतंय तोवर त्याची कुणाला आठवण नसते, आणि थांबलं की सगळा मजला त्याच्या नावानं शंख करतो.

मला एक जुनी खोड आहे. जे आहे त्यापेक्षा जे नाही ते मला आधी दिसतं. लग्नाचा ग्रुप फोटो बघितला की कोण आलं नाही हे मी पहिल्यांदा सांगते. नवरा म्हणतो, हिला ताटात काय वाढलंय ते विचारू नका, काय वाढलं नाही ते विचारा. या खोडीपायी मी नातेवाइकांत थोडी बदनाम आहे, पण पगार मला तिच्याचमुळे मिळतो.

तर त्या उन्हाळ्यात मला मीना सलमानच्या बाजूचा एक तुकडा कोरा दिसत होता. तिकडे बंदर, गोदामं, वर्कशॉप, आणि त्यांच्या मागे कामगार राहतात त्या जुन्या बिल्डिंगी. आमची एक ग्राहक कंपनी अशा बऱ्याच बिल्डिंगींची देखभाल करायची. एसी, लिफ्ट, पाण्याचे पंप, सगळं. प्रत्येक बिल्डिंगमध्ये खाली त्यांनी पाटी लावली होती: काही बिघडलं तर आमचं नाव घालून पोस्ट करा, आम्ही चोवीस तास बघतो. बघत अर्थातच आम्ही होतो. त्या वर्षी कंपनी जुने एसी बदलणार होती आणि कोणत्या बिल्डिंगी आधी घ्यायच्या हे आमच्या तक्रारींच्या यादीवरून ठरणार होतं. गुरुवारी दुपारी दोनला यादी बंद.

जून संपत आला होता. गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला की चटका बसायचा. नकाशा सगळीकडे गोवर आल्यासारखा लाल झालेला आणि नेमका हा तुकडा स्वच्छ. मी साहेबांना दाखवलं. आमचे साहेब बहरीनी, मोठ्या मनाचे, हिंदी आमच्यासारखीच तोडकीमोडकी बोलणारे. त्यांनी नकाशाकडे बघून समाधानाने मान हलवली.

"मफी शिकायत, मफी मुश्किल," ते म्हणाले. "खलास!"

तक्रार नाही म्हणजे त्रास नाही. पण मला चैन पडेना. शून्य हा आकडा मला कधीच खरा वाटत नाही.

पुढच्याच रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, चाचा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चाचा आमच्या ऑफिसचे क्लार्क. मूळचे रायगडातल्या खाडीकाठच्या गावचे, वय साठीच्या जवळ. व्हिसा, रेसिडेंट कार्ड, सरकारी काउंटरवरची सगळी कागदपत्रं त्यांच्याकडे. ते कधी कुणाच्या टेबलाशी घुटमळत नाहीत, म्हणून मी मान वर केली.

"ताई, एक विचारू? रागवू नका," ते म्हणाले. "आमचे बिल्डिंगचे लोक लिवतात, ते तुमचे मशीनमधी येतं ना?"

"येतंच की. कुठली बिल्डिंग?"

त्यांनी सांगितलं आणि मी नकाशाकडे बघितलं. माझा कोरा तुकडा तोच होता.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते आणि त्यांचे मोठे भाऊ एका खोलीत राहतात. भाईजान मीना सलमानच्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर वेल्डिंग करत होते. गेल्या महिन्यात त्यांच्या हृदयात दोन स्टेंट घातले. महिनाभर विमानात बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून गावी जाता येत नाही, आणि त्या खोलीतला एसी गरम हवा फेकतो. एकट्या त्यांच्या खोलीतला नाही, अख्ख्या बिल्डिंगमधला. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला सरकारी बंदी असते, म्हणून बाकीची माणसंही ऐन दुपारी घरी परततात आणि त्या भट्टीत पडून राहतात. कंपनीला फोन लावला तर नुसतं संगीत वाजतं. शेवटी चाचांनीच सगळ्यांना सांगितलं होतं: फोन सोडा, पाटीवर आहे तसं लिहा, ते आमच्याच ऑफिसात येतं, मना ठाव आहे.

"आता आठ दिवस झाले. रोज लिवतात. कोण आलं नाय, कोणाचा जवाब नाय. आता लोक बोलतात, हा तेच ऑफिसमधी कामाला. नोकरी जाईल म्हणून हाच दाबतो."

"कोण म्हणतं असं?"

"सगळेच. भाईजान तर बोलतच नाय माझ्याशी. मी ताट ठेवतो, ते खातात. बोलत नाय."

चाचांच्या तोंडून घरची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. पस्तीस वर्षं त्यांनी त्या बिल्डिंगमधल्या माणसांचे अर्ज लिहून दिलेत, रजेचे, पासपोर्टचे, बँकेचे. त्यांच्या शब्दावर विसंबून माणसं सही करत आली. तो शब्दच आता खोटा ठरत होता, आणि तो खोटा ठरवणारा स्क्रीन माझा होता. मी जरा फुशारकीनेच म्हणाले, "चाचा, आमच्याकडून एकही पोस्ट सुटत नाही. त्यांनी लिहिलंच नसेल."

चाचांनी निमूटपणे फोन पुढे केला. पोस्ट होत्या. तिथल्या माणसांच्या, एकाखाली एक, सगळ्या जगाला दिसतील अशा. फक्त माझ्या स्क्रीनला त्या दिसत नव्हत्या. मला आधी लाज वाटली आणि लगेच, खोटं कशाला बोलू, हुरूपही आला. असं कोडं वर्षातून एकदा मिळतं.

सोमवारी मी नोंदी काढून बसले. अशा फीडमध्ये गळती होते ती साधारण ठरलेल्या ठिकाणी. पहिलं, तिकडच्या सर्व्हरशी असलेलं आपलं कनेक्शन तुटतं आणि पुन्हा जुळेपर्यंत मधलं सगळं वाहून जातं. आठ दिवसांत ते दोनदा तुटलं होतं, दोन्ही वेळा पहाटे, मिनिटभरच. चाचांच्या लोकांच्या पोस्ट तर दुपारी साडेबाराच्या आगेमागे होत्या. दुसरं, आपण कोणते शब्द शोधतोय त्या यादीतच चूक असते. यादीत कंपनीचं नाव होतं, एसी होता, कूलिंग होतं, माझ्या माहितीतलं सगळं होतं. तिसरं, गर्दीच्या वेळी रांग तुंबते आणि शेवटचे गळतात. दुपारी साडेबाराला आमच्याकडे गर्दी नसते, त्या वेळी अर्धं बहरीन जेवत असतं. सोमवार असा कोरडा गेला.

मग मला वाटलं की जागेचाच काही घोटाळा असेल. त्या भागाचं नाव आमच्याकडे भलत्याच ठिकाणी तर जोडलेलं नाही? शंका आली की प्रत्यक्ष जाऊन बघायचं, हा माझा खाक्या. मंगळवारी दुपारी मी गाडी काढून त्या बिल्डिंगखाली गेले. चाचांनी आधीच फोनवर बजावलं होतं, "वर येऊ नका ताई, भाईजान बनियनवर असतात." मी गाडीतच बसून माझ्या फोनवरून कंपनीचं नाव घालून लिहिलं की इथला एसी बंद आहे. ऑफिसातल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, आला! लाल ठिपका, मीना सलमानच्या मागे." चार सेकंद लागले होते.

म्हणजे जागा बरोबर, वेळ बरोबर, शब्द बरोबर. एवढ्यात कामावरून माणसं परतली. बस थांबली, तीसेक जण उतरले, डोक्याला फडकी गुंडाळलेली. जिन्याखालच्या सावलीत उभे राहून त्यांनी फोन काढले, सगळ्यांनी एकदमच, जशी हजेरी लावायची असावी. दोन मिनिटांत ते वर निघूनही गेले. मी ऑफिसला पुन्हा फोन केला. नकाशावर काहीही आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत तीस पोस्ट गेल्या होत्या आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत त्यांचा मागमूस नव्हता. गाडीचा एसी पूर्ण सोडूनही मला घाम फुटला होता.

संध्याकाळी झिंज भागातल्या आमच्या घरी सोफ्यावर बसून मी त्या पोस्ट नीट वाचल्या. तोवर वेळ आणि ठिकाण बघण्याच्या नादात मजकूर मी वाचलाच नव्हता. तो इंग्रजीत होता आणि, सोबतचं कंपनीचं नाव सोडून, मराठीत सांगायचा तर असा: आदरणीय महोदय, आमच्या इमारतीतील एसी काही दिवसांपासून गरम हवा देत आहेत, त्यामुळे दुपारच्या वेळी आम्हांस विश्रांती मिळत नाही, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती. आपले विश्वासू. पुढची पोस्ट, तेच. त्याच्या पुढची, तेच. स्वल्पविरामासकट.

शेजारी माझी पंधरा वर्षांची मुलगी होती. तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतच येतं. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि खिदळली.

"आई, धिस इज सो पोलाइट! नोबडी पोस्ट्स लाइक धिस."

"हाच मजकूर तुझ्या अकाउंटवरून टाक बरं."

"व्हाय?"

"टाक म्हणते ना."

तिने नाक मुरडत टाकला. मी लॅपटॉपवर बघत होते. पाच सेकंद, दहा सेकंद, एक मिनिट. आला नाही. मग मी म्हटलं, आता पहिला शब्द काढून टाक. तिने 'आदरणीय' गाळून पुन्हा टाकला. चार सेकंदांत ठिपका उमटला. मुलगी हसायची थांबली आणि माझ्या शेजारी सरकून बसली. तिला आईच्या कामात रस वाटलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. आम्ही शेवटचा शब्द बदलून पाहिला, मधला बदलून पाहिला. एक शब्द बदलला की येतं. जसंच्या तसं टाकलं की येत नाही.

आणि मग मला आठवलं. माणूस घरभर चष्मा शोधतो आणि तो कपाळावर सापडतो, तसं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलने फुकट बिर्याणीची स्पर्धा लावली होती. ठरलेलं एक वाक्य पोस्ट करा आणि कूपन मिळवा. खोट्या अकाउंटांचा एवढा पूर आला की नकाशा दोन दिवस बंद पडला. तेव्हा मी एक गाळणी बसवली. पाचाहून जास्त अकाउंटांनी पंधरा मिनिटांत अक्षरशः एकच मजकूर टाकला, तर तो मजकूर बाद. आधी आलेले पाचही मागे जाऊन पुसायचे, आणि पुढचा महिनाभर तो मजकूर दिसला की परस्पर फेकून द्यायचा, नोंदही ठेवायची नाही. गाळणी उत्तम चालली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. मी तो कोड उघडला. गाळणीच्या ओळीशेजारी माझंच टिपण होतं: खरी माणसं असं लिहीत नाहीत.

सुक्याबरोबर ओलंही जळतं हे मला ठाऊक होतं. पण ओलं कोणतं हे बघायला मी तीन वर्षांत एकदाही गेले नव्हते. मला स्वतःचा राग आला, इतका की मुलीने लॅपटॉप माझ्या हातातून घेतला आणि तो आपटू नये म्हणून टेबलावर ठेवला.

बुधवारी सकाळी मी चाचांना विचारलं, "तुम्ही सगळ्यांना एकच मजकूर का दिलात?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "अर्ज आहे ना तो, ताई."

"पण प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहिलं असतं तर?"

"अर्जातला शब्द बदलायचा नसतो." एखाद्या लहान मुलीला रस्ता ओलांडायला शिकवावं तसं ते बोलत होते. "एकाने एक लिवला, दुसऱ्याने दुसरा लिवला, की काउंटरवरचा माणूस बोलतो, तुमचं आपसात जमत नाय, कागद परत न्या. पस्तीस वर्षं बघतो मी. लोकांना पण सांगून ठेवलंय, माझे शब्द हलवायचे नाय."

मी त्यांना म्हणाले की मशीन एकसारखे मजकूर फेकून देतं, तेव्हा आजपासून लोकांना थोडं थोडं बदलून लिहायला सांगा, आज रात्रीत सगळं आत येईल. मशीन, असंच म्हणाले मी. ते मशीन कुणी तसं केलं हे सांगायला जीभ उचलली नाही. चाचांनी मान हलवली, पण नकाराची.

"आता शब्द बदला बोललो तर ते बोलतील, पहिला अर्ज खोटा होता. यानं मुद्दाम खोटा लिवून दिला."

ते बरोबर होतं. मजकूर बदलणं हा उपाय नव्हता. गाळणीच बदलायला हवी होती आणि त्याला साहेबांची परवानगी लागणार होती. मी साहेबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं, गाळणी माझीच होती हेही. त्यांना बिर्याणीचा पूर आठवत होता. मग त्यांनी मला भीती होती तोच प्रश्न विचारला.

"ये सब लेटर किसने लिखा?"

"चाचांनी."

"हमारा चाचा?" ते खुर्चीत मागे टेकले. आमच्याच ऑफिसचा माणूस आमच्याच ग्राहकाविरुद्ध लिहून देतो, हे कंपनीला कळलं तर काय, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होता. मला वाटलं, बिल्डिंगमधले लोक ज्या भीतीचा आरोप चाचांवर करत होते, ती भीती मी आता खरी करून ठेवली.

"पर सेम टू सेम क्यों?"

मी चाचांनी सांगितलेलं सांगितलं. शब्द हलला की कागद परत येतो. साहेब बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. त्यांचे स्वतःचे, घरच्यांचे, कंपनीचे, सगळे कागद वर्षानुवर्षं चाचाच नेत होते.

"मेरा एक भी पेपर कभी वापस नहीं आया," ते हळूच म्हणाले. "वन टाइम भी नहीं. यल्ला, ठीक करो."

मी बुधवारचा उरलेला दिवस गाळणी उसवण्यात घालवला. आता ती मजकुराकडे न बघता माणसाकडे बघते. या अकाउंटने आधी कधी काही वेगळं लिहिलंय का? ईदच्या शुभेच्छा, गावचा फुटबॉल, नवजात मुलीचा फोटो, काहीही? लिहिलं असेल तर माणूस खरा. हे करताना मी त्या सगळ्यांची खाती उघडून बघितली. एकाने आपल्या आंब्याच्या झाडाचे बारा फोटो टाकले होते, एकेका फांदीचा एक. एकाने फक्त क्रिकेटचे स्कोअर लिहिले होते. एकाने वर्षभर काहीच लिहिलं नव्हतं, आणि मग एकदम, आदरणीय महोदय. फेकलेल्या पोस्ट मात्र परत आणता येत नव्हत्या, कारण नोंद ठेवायची नाही असं मीच ठरवलं होतं. सगळं गुरुवारच्या दुपारवर होतं.

गुरुवारी साडेबाराला मी, साहेब आणि चाचा स्क्रीनसमोर उभे होतो. साहेबांनी जपमाळ काढली होती. बारा चौतीसला मीना सलमानच्या मागे पहिला लाल ठिपका उमटला. बाजूच्या पट्टीत मजकूर आला: आदरणीय महोदय. मग दुसरा. आदरणीय महोदय. तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्याची मला धास्ती होती, कारण जुन्या गाळणीने सहाव्यालाच सगळे पुसले असते. सहावा आला आणि राहिला. पट्टीवरून तेच वाक्य खाली सरकत राहिलं, त्रेचाळीस वेळा. इंग्रजीतली ती जुनाट, अदबीची विनंती इतक्यांदा वाचून मला हसू यायला हवं होतं, पण माझे डोळे भरून आले. दोनला यादी बंद झाली तेव्हा ती बिल्डिंग पहिल्या पाचांत होती. आठवड्याभरात नवे एसी बसवू, असं कंपनीने संध्याकाळपर्यंत प्रत्येक पोस्टखाली लिहिलंही.

मी चाचांना म्हणाले, "झालं की नाही? जा आता, सांगा घरी."

चाचा हसले, पण पुरतं नाही. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, आणि असा फोन त्यांनी मला आजवर कधी केला नव्हता.

"ताई, एसी येणार, चांगलं झालं. पण लोक काय बोलतात माहीत आहे? बोलतात, काल आपण याला जिन्यात धरून विचारला, म्हणून आज यानं सोडलं. म्हणजे एवढे दिवस हाच धरून होता. भाईजानला पण तसाच वाटतं. आता तर पक्का वाटतं."

मी फोन ठेवला आणि जेवायचं ताट बाजूला सारलं. माझ्या दुरुस्तीनेच त्यांच्यावरचा आरोप पक्का केला होता. इतके दिवस काही येत नाही आणि दम दिला की एका दुपारीत सगळं येतं, याचा दुसरा अर्थ कुणी काय लावणार? मीही तोच लावला असता. हे फक्त एक माणूस खोडू शकत होता, आणि तो माणूस 'मशीन, मशीन' म्हणून हात झटकून मोकळा झाला होता.

शुक्रवारी सुट्टी. दुपारची नमाज होऊन गेल्यावर मी नवऱ्याला त्या बिल्डिंगखाली सोडायला सांगितलं आणि वर गेले. चाचांना कळवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर जिन्यातच हवा अंगाला चिकटत होती. खोलीत दोन खाटा, एक फिरता पंखा, एक प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे. भाईजान खाटेवर उशीला टेकून बसले होते, माझ्यासाठी सदरा घातलेला, पांढरी दाढी, चाचांचंच नाक. दारात आजूबाजूच्या खोल्यांतले पाच-सहा जण येऊन थांबले. चाचा भिंतीशी उभे होते. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते.

मी उभ्यानेच बोलायला लागले. म्हणाले, तुम्ही लिहिलेलं पहिल्या दिवसापासून येत होतं. मध्ये एक गाळणी होती, तिने ते फेकून दिलं.

"गाळणी कोणी लावली?" भाईजानांनी विचारलं. आवाज बारीक होता पण सरळ.

"मी."

"यानं नाय?"

"यांना ती आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मीच लावली, आणि मीच विसरले. परवा यांना सांगतानाही मी मशीनवर ढकललं. चूक माझी आहे."

दारातला एकजण दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलला. भाईजान माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, वेल्डिंगचा जोड तपासावा तसे.

"काय म्हणून लावली?"

"मला वाटलं, खरी माणसं सगळी एकसारखं लिहीत नाहीत."

"नमाजमधी सगळे एकच बोलतात," ते म्हणाले. "ते काय खोटे?"

आमच्या आरतीलाही पन्नास जण एकच म्हणतात आणि त्यातल्या कुणाला मी खोटं म्हणणार नाही. मी म्हणाले, "नाही. माझं चुकलं."

दारातली माणसं एकेक करून निघून गेली. जाताना एकाने चाचांच्या दंडाला हात लावला. भाईजान आपल्या तळहातांकडे बघत होते. मला कळेना की जावं की थांबावं, आणि घाम कानामागून खाली उतरत होता.

"तेंना पंख्याखाली बसव," भाईजान म्हणाले.

मी चमकून वर बघितलं. ते माझ्याशी नव्हे, भावाशी बोलत होते. चाचा भिंतीपासून हलले, पण लगेच नाही. खुर्ची त्यांच्या हाताला लागून होती, तिच्यावरचे कपडे त्यांचेच होते.

"कुठली खुर्ची?" त्यांनी विचारलं.

भाईजानांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"एकच हाय ना घरात," ते म्हणाले.